आभाळाचे गायरान

पुणे आणि नाशिक जोडणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा मूळ आराखडा नारायणगावच्या बाजूने जाणार होता. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. सगळे तिला जीएमआरटी म्हणतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा मध्यभागी दाटीने उभ्या, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांतूनही रेडिओ लहरी निघतात आणि अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेली आकाशातली क्षीण कुजबुज त्या गोंगाटात बुडते. म्हणून दुर्बिणीला बाधा येईल असा मार्ग नको, असे केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले आणि मार्ग वळवायचे ठरले. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांना हे जड गेले. वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहिलेल्या माणसाची नाराजी खोटी नसते. या निर्णयाबद्दल कुणाचे काही मत असो, त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होते. आकाश नीट ऐकू यावे यासाठी हे राज्य आणि हा देश जमिनीवर मोठी किंमत मोजायला तयार आहे. दुर्बिणीच्या परिसरात उद्योग उभारण्यावरही राज्य सरकारचे निर्बंध आहेत.

आता मान वर करा. त्याच खोडदच्या डोक्यावरून दिवसरात्र उपग्रहांची रांग चालली आहे. ते मुद्दाम जे प्रक्षेपण करतात त्याला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे नियम आहेत. पण त्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून नकळत ज्या लहरी गळतात, त्यांना अटकाव करणारा नियम नाही. अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाने ते किती चमकावेत, यालाही मर्यादा नाही. म्हणजे रेल्वेला वळसा घालायला लावायचा आणि वरून जाणाऱ्याला साधे हटकायचेही नाही, अशी ही व्यवस्था आहे. उपग्रह नकोत असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. चक्रीवादळाचा इशारा, पिकांची पाहणी, मोबाइलमधला नकाशा, सगळे त्यांच्याच जिवावर चालते. मुद्दा वेगळा आहे. आकाश हे गावच्या गायरानासारखे आहे. सातबारा कुणाच्याच नावावर नाही आणि वापर मात्र सगळ्यांचा. मराठवाड्यात भूमिहीनांनी पोटासाठी गायरान कसले, ती गोष्ट निराळी. इथे ज्याच्या हाती रॉकेट आणि भांडवल दोन्ही आहे तो आधी पोहोचून कुंपण घालतो आहे. भारत यात नुसता बघ्या राहिलेला नाही. तो परवाने देतो, उपग्रह वर सोडतो आणि त्यांचा उपद्रव सोसणारी एक मोठी दुर्बीणही चालवतो. म्हणून अटी घालण्याची जबाबदारी त्याला टाळता येणार नाही.

नेमके काय बदलले ते आधी पाहू. १९५७ मध्ये स्पुटनिक गेल्यापासून साठ वर्षांहून अधिक काळात, २०१९ पर्यंत, चालू स्थितीतल्या उपग्रहांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली होती. मे २०१९ मध्ये स्पेसएक्स कंपनीने आपल्या उपग्रह-इंटरनेट सेवेचे, स्टारलिंकचे, पहिले साठ उपग्रह एकाच रॉकेटने सोडले आणि हिशेबच बदलला. २०२५ संपताना चालू उपग्रह बारा हजारांच्या वर गेले होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या स्टारलिंकचे होते. पूर्वीचे दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असत. तिथून एक उपग्रह पृथ्वीचा तिसरा हिस्सा पाहतो, पण संदेशाला जाऊन येऊन वेळ लागतो. ही दिरंगाई टाळायची तर उपग्रह खाली, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आणावा लागतो. खाली आणला की त्याला जमिनीचा लहानसा तुकडाच दिसतो, शिवाय तो दीड तासात पृथ्वीची फेरी मारून निघून जातो. म्हणून एकाच्या जागी हजारो लागतात. त्यांचे आयुष्यही जेमतेम पाच वर्षांचे. जुने वातावरणात जाळायचे आणि नवे पाठवत राहायचे. म्हणजे ही एकदाच झालेली गर्दी नव्हे, कायमची वर्दळ आहे. चीनच्या दोन योजनांत मिळून पंचवीस हजारांहून अधिक उपग्रह आहेत, ॲमेझॉनच्या योजनेत तीन हजारांवर. वेगवेगळ्या देशांनी नोंदवलेल्या सगळ्या बेतांची बेरीज लाखांत जाते. सगळे बेत पुरे होणार नाहीत हे उघड आहे. पण त्यांतला दहावा हिस्सा जरी पुरा झाला तरी आजची संख्या कितीतरी मागे पडेल.

छत्रपती संभाजीनगरच्या आकाशात याचा परिणाम किती, हे भूमितीने काढता येते आणि ते प्रामाणिकपणे काढायला हवे, कारण या विषयावर घबराटही फार पसरवली जाते. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. जमिनीवर अंधार झाला तरी साडेपाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असते आणि ते ऊन परावर्तित होऊन आपल्याला ठिपका दिसतो. डोक्यावर आलेला असा उपग्रह सूर्य क्षितिजाखाली सुमारे तेवीस अंश जाईपर्यंत उजळत राहतो. आपले शहर साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य खाली झपाट्याने उतरतो, त्यामुळे हे तेवीस अंश पार व्हायला सूर्यास्तानंतर साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. वनवेब या दुसऱ्या कंपनीचे उपग्रह बाराशे किलोमीटरवर आहेत, ते आणखी अर्धा-पाऊण तास दिसू शकतात. त्यानंतर पृथ्वीची सावली बहुतेकांना गिळते आणि मध्यरात्री माथ्यावरचे आकाश त्यांच्यापासून मोकळे असते. लंडन किंवा बर्लिनला उन्हाळ्यात हे सुख नाही. तिथे सूर्य रात्रभर क्षितिजाच्या जवळच घुटमळतो. शिवाय स्टारलिंकच्या बऱ्याच कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करतात, त्यामुळे त्यांची दाटी पन्नास अंशांच्या पट्ट्यात जास्त आणि आपल्यावर कमी. म्हणजे मराठवाड्याच्या वाट्याला आलेला त्रास युरोपपेक्षा नक्कीच कमी आहे.

पण कमी त्रास कोणत्या वेळेला येतो हेही पाहायला हवे. संध्याकाळी सात ते नऊ आणि पहाटे चार ते सहा, याच वेळा साधी माणसे आकाशाकडे पाहतात. शाळेची सहल म्हैसमाळला आकाशदर्शनाला नेली तर मुले मध्यरात्रीपर्यंत जागी ठेवली जात नाहीत. एमजीएमच्या आवारातल्या एपीजे अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी कुटुंबे येतात ती संध्याकाळीच. मोठ्या वेधशाळेतला संशोधक रात्री दोन वाजता काम करू शकतो. सहावीतली मुलगी शुक्र, कृत्तिका किंवा नवी चंद्रकोर पाहते ती जेवणाच्या आधी. उपग्रहांनी सर्वांत जास्त वेळ घेतला आहे तो तिचा. या वयात पाहिलेले आकाश पुढे आयुष्यभर पुरते, आणि आज त्या मुलांना सर्वांत आधी सरळ रेषेत चाललेली ठिपक्यांची माळ दिसते. नव्याने सोडलेले उपग्रह काही दिवस एकामागोमाग जातात, त्याची ही माळ. ‘उडती तबकडी’ म्हणून गावोगावी व्हिडिओ फिरतात ते हिचेच.

संधिप्रकाश व्यावसायिक संशोधनासाठीही मोलाचा असतो, आणि त्याचा पुरावा ज्या प्रकल्पातून आला त्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावर झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी सुरू झाली. ४८ इंची दुर्बिणीवर बसवलेला हा कॅमेरा सबंध उत्तर आकाशाची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घेतो आणि काय बदलले ते शोधतो. त्याच्या छायाचित्रांत नोव्हेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ या काळात स्टारलिंकच्या ५३०१ रेघा मोजल्या गेल्या. २०१९ च्या अखेरीस संधिप्रकाशातल्या छायाचित्रांपैकी अर्धा टक्का बाधित होती, ऑगस्ट २०२१ मध्ये अठरा टक्के. तेव्हा स्टारलिंकचे सतराशेच्या आसपास उपग्रह वर होते. आज त्याच्या कितीतरी पट आहेत. आता संधिप्रकाशात पाहायचे तरी काय? सूर्याच्या दिशेने येणारे लघुग्रह. पृथ्वीच्या कक्षेच्या आतल्या बाजूला फिरणारे हे दगड रात्री दिसतच नाहीत, फक्त सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी क्षितिजाजवळ सापडतात. शुक्राच्या कक्षेच्या आत फिरणारा पहिला लघुग्रह याच प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये शोधला. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेली अशनी सूर्याच्याच बाजूने आली होती, कुणाला आधी चाहूल लागली नाही. लोणार आपल्या शहरापासून काही तासांच्या वाटेवर आहे. बेसाल्टमध्ये पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर पाहिलेल्या माणसाला लघुग्रहांवर पाळत का ठेवायची, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठवाडा ज्या निजाम राज्यात होता, तिथल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय नभोनकाशाच्या कामात आकाशाचा एक पट्टा, दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा, काचेच्या प्लेटांवर टिपला आणि त्यातले लाखो तारे मोजून बारा खंड छापले. त्या प्लेटांवर उपग्रहाची एकही रेघ असणे शक्य नाही. आजच्या दुर्बिणीला ते भाग्य नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेत ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे जगाने पाहिली. दहा वर्षे सबंध दक्षिण आकाश वारंवार टिपायचे, हा तिचा संकल्प. पण जितका कॅमेरा रुंद आणि संवेदनशील, तितका उपग्रह त्यात सापडण्याचा संभव जास्त. ‘रेघ संगणकावर पुसून टाका’ असे सहज म्हटले जाते. रेघ पुसता येते, पण तिच्याखाली जे होते ते परत आणता येत नाही. रेघ फार तेजस्वी असेल तर कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तिच्या शेजारी भुताळी समांतर रेघा उमटतात आणि बिघाड पसरतो. रेघेपेक्षा फसवी गोष्ट म्हणजे क्षणिक चमक. २०२० च्या अखेरीस एका शोधनिबंधात जीएन-झेड११ या अतिदूरच्या दीर्घिकेच्या दिशेला दिसलेली चमक म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतला स्फोट असावा, असे मांडले गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिले, की तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका रशियन रॉकेटच्या टप्प्यावरून परतलेला सूर्यप्रकाश होता. तो टप्पा नेमका कोणता हे नोंदींवरून शोधता आले, म्हणून चूक उघडी पडली. आकाशात लाखभर वस्तू झाल्यावर अशा प्रत्येक चमकेची चौकशी करत बसावे लागेल आणि खरा स्फोट कोणता, याचा विश्वासच उडेल.

मग दुर्बिणी अंतराळात का नेत नाही? हबल या अंतराळ दुर्बिणीचा अनुभव याचे उत्तर देतो. ती स्वतः पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरते, म्हणजे नव्या उपग्रहांच्या खालून. तिच्या २००२ ते २०२१ मधल्या छायाचित्रांची तपासणी केली तेव्हा २.७ टक्के छायाचित्रांत उपग्रहांच्या रेघा आढळल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की नोंदवलेले सगळे बेत, सुमारे ५ लाख ६० हजार उपग्रह, प्रत्यक्षात आले तर हबलची जवळपास चाळीस टक्के छायाचित्रे बाधित होतील आणि रुंद नजरेच्या काही अंतराळ दुर्बिणींची ९६ टक्के. फार दूर नेलेली दुर्बीण वाचते, पण तिचा खर्च आणि आकाराची मर्यादा अशी, की जमिनीवरच्या महाकाय आरशांची जागा ती घेऊ शकत नाही. त्यातून विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला अंतराळ दुर्बिणीवर हात बसवायला कोण देणार?

या सगळ्यापेक्षा महाराष्ट्राशी जास्त निगडित बाब रेडिओची आहे आणि तिची चर्चा आपल्याकडे फार कमी होते, कारण रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटीसाठी खोडद निवडले ते तिथली रेडिओ शांतता पाहून. आजूबाजूच्या डोंगरांचा आडोसा होता, मोठे उद्योग लांब होते. कमी वारंवारतेच्या लहरी पकडण्याची ती जगातल्या अव्वल दुर्बिणींपैकी एक आहे आणि जगभरचे संशोधक तिच्यावर वेळ मागतात. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळपास नव्वद टक्के आकाशाची पाहणी केली आणि सहा लाखांवर रेडिओ स्रोतांची सूची त्यातून तयार झाली. ही वारंवारता अशी का निवडली? हायड्रोजनचा अणू मुळात १४२० मेगाहर्ट्झवर लहर सोडतो. विश्व प्रसरण पावते आहे, म्हणून जितका हायड्रोजन दूरचा आणि जुना, तितकी ती लहर ताणली जाऊन खालच्या वारंवारतेवर येते. पहिले तारे आणि पहिल्या दीर्घिका पेटल्या त्या काळातल्या हायड्रोजनची हाक आज दीडशे-दोनशे मेगाहर्ट्झच्या खाली ऐकायची असते. ती अजून कुणाला स्पष्ट ऐकू आलेली नाही. खगोलशास्त्रातल्या मोठ्या शोधांपैकी जे हाताशी आले आहेत, त्यांत हा आहे, आणि जीएमआरटीने त्यावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली आहे.

२०२३ मध्ये युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने स्टारलिंकचे ६८ उपग्रह लक्ष्य करून पाहिले. त्यांतल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लहरी गळताना सापडल्या. स्टारलिंकचे अधिकृत प्रक्षेपण दहा गिगाहर्ट्झच्या वर चालते, म्हणजे ही गळती त्या कामाशी संबंधित नाही. ती आतल्या वीजपुरवठ्याची, संगणकाची, मोटारींची. पुढच्या वर्षी दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांची पाहणी झाली, तर गळती पहिल्यापेक्षा बत्तीस पटींपर्यंत तीव्र निघाली. सुधारणा होईल अशी आशा असताना उलटेच घडले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या गटाने आणखी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. साडेसात कोटींहून अधिक प्रतिमा तपासून त्यांनी अठराशेवर स्टारलिंक उपग्रहांची एक लाखाहून जास्त उत्सर्जने नोंदवली. त्यांतले ७०३ उपग्रह १५०.८ मेगाहर्ट्झवर सापडले. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्राला ज्या देशांत प्राथमिक हक्काने दिला आहे, त्यांत एका तळटिपेत दोन नावे लिहिली आहेत: ऑस्ट्रेलिया आणि भारत. म्हणजे खोडदसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातच ही गळती आहे. कंपनीने कायदा मोडला असे म्हणता येत नाही, कारण नियम हेतुपुरस्सर प्रक्षेपणाला लागू होतात, गळतीला नाही. जमिनीवर कारखान्याला, वाहनाला, अगदी ट्यूबलाइटच्या चोकलाही विद्युतचुंबकीय गळतीची मानके आहेत. अंतराळात नाहीत. आणि डोंगराचा आडोसा वरून येणाऱ्या लहरीला उपयोगाचा नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो इंटरनेटचा, आणि तो वजनदार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपल्याच विभागातला धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था, आरोग्य केंद्रे, शाळा जोडण्याची ही योजना आहे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या पलीकडे पावसाळ्यात रस्ता तुटतो तेव्हा डॉक्टरचा सल्ला उपग्रहावरून मिळणार असेल, तर ‘आम्हाला हायड्रोजन ऐकायचा आहे’ असे सांगून तो अडवणे माणुसकीला धरून होणार नाही. मीही ते म्हणत नाही. पण गडचिरोलीच्या गरजेपोटी उपग्रह चमकायलाच हवेत किंवा गळायलाच हवेत, असे कुठे आहे? गळती थांबवणे हा अभियांत्रिकीचा जुना, सुटलेला प्रश्न आहे: योग्य कवच, योग्य फिल्टर, आणि उडवण्याआधी चाचणी. जमिनीवरच्या प्रत्येक चांगल्या उपकरणात हे केलेले असते. शिवाय सपाटीवरच्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात फायबर टाकणे हा बहुतेक गावांसाठी टिकाऊ उपाय आहे; उपग्रह जिथे फायबर पोहोचत नाही तिथे हवा. गरिबाच्या गरजेचे नाव पुढे करून श्रीमंत ग्राहकांसाठी अमर्याद संख्या मागितली जाते, तेव्हा ती गरज आणि ही संख्या वेगळी करून पाहायला हवी.

दुसरा आक्षेप आपल्या शहरातूनच येतो. जालना रोडवर उभे राहून कुणाला तारे दिसतात? वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींच्या दिव्यांनी आभाळ आधीच धुतले गेले आहे, मग उपग्रहांचे काय घेऊन बसलात? यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. शहरी माणसाचे आकाश उपग्रहांनी नाही, वर तोंड करून लावलेल्या एलईडींनी नेले. पण ते नुकसान भरून येणारे आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे शंभरावर दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. कन्नडच्या गौताळा अभयारण्यातही असे काही करता येईल, आणि करायला हवे. दिवा खाली वळवायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो. उपग्रहाला पेंचची हद्द कळत नाही. कोचिफाय आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार कक्षेतल्या वस्तूंचा आणि कचऱ्याचा एकत्रित उजेडच नैसर्गिक रात्रीच्या आकाशाच्या दहा टक्क्यांपर्यंत पोहोचला असावा, आणि वेधशाळेच्या जागेसाठी खगोलशास्त्रज्ञांनी पूर्वीच ठरवलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. शहराच्या उजेडापासून गाडीने दोन तासांत पळता येते. यापासून लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेलाही पळता येत नाही.

कंपन्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टारलिंकने २०२० मध्ये काळा रंग दिलेला उपग्रह सोडून पाहिला, तो तापू लागला. मग सावलीसाठी पडदा लावला, तो लेझर दुव्यांना आड आला. त्यानंतर आरशासारखा थर लावून प्रकाश दुसरीकडे वळवला. उपग्रहांचे तेज बरेच कमी झाले. साध्या डोळ्यांना दिसू नये म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने सातव्या प्रतीची मर्यादा सुचवली आहे (प्रत जितकी मोठी तितका तारा मंद), त्याच्या जवळपास काही उपग्रह आले आहेत. पण हे सगळे मनाच्या मोठेपणावर चालले आहे, आणि दुसऱ्या कंपनीचे मन तसेच मोठे असेल याची खात्री कोण देणार? एएसटी स्पेसमोबाइलच्या ब्लूवॉकर ३ या चाचणी उपग्रहाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ६४ चौरस मीटरची अँटेना उलगडली, तेव्हा तो ०.४ प्रतीपर्यंत उजळला, म्हणजे जवळपास प्रश्वा ताऱ्याइतका. त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीचा ब्लूबर्ड उपग्रह, अँटेना २२३ चौरस मीटर, वजन ६१०० किलो, २४ डिसेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने वर गेला. भारताच्या भूमीवरून सोडलेला तो सर्वांत वजनदार उपग्रह. त्याआधी २०२२ आणि २०२३ मध्ये वनवेबचे ७२ उपग्रह याच रॉकेटने दोन खेपांत नेले होते. इस्रोच्या कौशल्याचा अभिमान वाटावा असाच हा पराक्रम आहे. पण ज्याच्या रॉकेटवर ओझे चढते त्याला ओझ्याबद्दल दोन प्रश्न विचारण्याचा हक्क असतो: हा किती चमकेल, आणि किती गळेल? व्यापारी करारात हे प्रश्न घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

वरून फक्त प्रकाश आणि लहरीच येतात असेही नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणारी प्रकाशाची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे असावे, असे अभ्यासकांनी सांगितले. कुणाला इजा झाली नाही ही नशिबाची गोष्ट. त्या कड्याचा मालक कोण आणि भरपाई कुणी द्यायची, याला निदान १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व कराराचा आधार आहे. हरवलेल्या निरीक्षणाला तसा आधार नाही. रेघा पुसण्याचा, वेळापत्रक बदलण्याचा, वाया गेलेल्या रात्रीचा खर्च आज वेधशाळा सोसतात, म्हणजे त्या त्या देशातला करदाता सोसतो.

अभ्यासाचा खर्च कुणी द्यावा, याचे एक जुने उत्तर जवळच आहे. गौताळ्याच्या पलीकडच्या उतारावर, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने तिथे मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाकडे जाणारा काही हिस्सा मठाकडे वळवलेला आहे. अध्ययनाचा खर्च व्यापारातून निघावा, अशी ही सोय होती, आणि ती देवगिरीतून, म्हणजे आपल्या दौलताबादेतून, कारभार करणाऱ्या राज्यात लेखी स्वरूपात झाली होती. आजही आकाशाचा व्यापार करणाऱ्याने आकाशाच्या अभ्यासाचे नुकसान भरून द्यावे, यात जगावेगळे काही नाही. स्पेक्ट्रमसाठी कंपन्या सरकारला शुल्क देतातच. त्यातला वाटा जीएमआरटी, हानले आणि विद्यापीठांच्या वेधशाळांना गळती मोजण्यासाठी आणि छायाचित्रे सावरण्यासाठी देता येईल.

अट घालता येते याचे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्टारलिंकच्या दुसऱ्या पिढीच्या साडेसात हजार उपग्रहांना मान्यता देताना राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानशी समन्वय ठेवण्याची अट घातली. ती सौम्य होती, पण परवाना आणि खगोलशास्त्र यांचा संबंध तिने मान्य केला. भारतात सेवा देणाऱ्या प्रत्येक उपग्रहमालिकेसाठी इन-स्पेसने, म्हणजे अंतराळ क्षेत्रातल्या कंपन्यांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, तीन गोष्टी परवान्यातच लिहून घ्याव्यात: सातव्या प्रतीहून जास्त तेज नको, जीएमआरटीच्या पट्ट्यातली गळती उड्डाणाआधी मोजून जाहीर करावी आणि ठरावीक मर्यादेत ठेवावी, खोडद आणि हानलेवरून जाताना कक्षेची अचूक माहिती आधी द्यावी आणि खोडदकडे थेट किरणशलाका वळवू नये. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट जमते, हे कंपन्यांनीच दाखवले आहे. दुसरी आजवर कुणी आग्रहाने मागितलेली नाही. भारतासारखी बाजारपेठ एकटीने मागणी करून काय होणार, असे वाटू शकते. पण उपग्रह सबंध पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे एका मोठ्या देशासाठी सुधारलेला उपग्रह आपोआप सगळ्यांसाठी सुधारतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीच्या वैज्ञानिक उपसमितीने ‘अंधारे आणि शांत आकाश’ हा विषय २०२५ ते २०२९ या पाच वर्षांसाठी कार्यसूचीवर घेतला आहे, आणि भारत त्या समितीचा सदस्य आहे. इन-स्पेसने स्टारलिंकला जुलै २०२५ मध्ये दिलेल्या परवानगीची मुदत जुलै २०३० पर्यंत आहे. तिच्या नूतनीकरणाचे कागद तयार होऊ लागतील तेव्हा त्या टेबलावर खोडदची मोजमापे ठेवलेली असायला हवीत, आणि ती मोजमापे घ्यायला आत्ताच सुरुवात करावी लागेल.